मोठमायची ओसरी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तरट झटकणं. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. दिवस मावळला होता. पोरं आपापल्या मायांबरोबर नुकतीच घरी गेली होती, आणि ओसरीवरचं ते मोठं तरट रोजच्यासारखं रुईनं पांढरं झालं होतं. कापसाच्या बाजारातून येणाऱ्या बायांच्या लुगड्यांना, पोरांच्या केसांना, कानांना सगळीकडे तंतू चिकटलेले असत. ते सारे आमच्या तरटावर उतरत. अंगणात उभं राहून आम्ही ते वर नेलं, खाली आपटलं. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. चार दिवसांपासून सांगायची होती. मी तोंड उघडलं तर रुईच आत गेली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

ती म्हणाली, "तोंड मिटून झटका ना. इतके बुडे झाले, तरट झटकता येत नाही."

मी तोंड मिटलं. तरटाची घडी घातली. ती आत भाकरी टाकायला गेली, मी अंगणात रंधा पुसत बसलो. थोड्या वेळानं भाकर करपल्याचा वास आला. ती भाकर करपू देणारी बाई नव्हती. आत जाऊन पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेली, हाताला पीठ तसंच. कण्हली नाही, हाक मारली नाही. रातीतच मसणात नेऊन पुढचं सारं उरकलं.

ही अमरावतीची गोष्ट. आता मी अकोल्याला असतो, लेकीकडे. हंगाम आला की वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या होतात. गाड्या कापसानं इतक्या फुगलेल्या असतात की येता-जाता काट्यांना चाटून जातात, आणि काटे आपला वाटा ठेवून घेतात. लेक म्हणते, "बाबा, थंडीत बाहेर नका बसू." मी बसतो. गाडीवान बैलांना हाकत येतात, घुंगरं वाजतात, सरकीचा तेलकट वास येतो, आणि माझ्या छातीत काहीतरी रेच्यासारखं करकरायला लागतं.

रेचा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची पिढी विसरेल. दोन लाटा असतात, एक लाकडाची, एक लोखंडाची, एकीवर एक. मूठ फिरवत कापूस मधे धरायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. मी सुतार. जन्मभर गाड्यांची चाकं केली, पण त्या दोन-तीन वर्षांत रेच्यांशिवाय दुसरं काम केलं नाही. कोण्या दूर मुलखात गोऱ्यांची आपसात लढाई लागली म्हणत, आणि त्यामुळं आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोक सांगत की शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या. मी चाकं करणारा माणूस, मी तसलं एकही चाक पाहिलं नाही. पण कापूस पाहिला. माणसाच्या घरात, देवाच्या ओट्यावर, झाडाखाली, जिथं जागा तिथं कापूस. बायकांना पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम. नवरे गाड्यांबरोबर दूरच्या वाटेला. आणि पोरं?

पोरं सकाळी शाळेत जात. नवी सरकारी शाळा निघाली होती, आणि आया हट्टानं पाठवत. एक बाई म्हणाली होती, "माहं नशीब सरकी हाय, याचं तरी रुई होऊ दे." शाळा दुपारी सुटे. घरी कोणी नाही. मग पोरं मायेला शोधत बाजारात यायची, धाकट्या बहिणी कडेवर भावंडं घेऊन आधीच तिथं असायच्या. बैलांच्या पायांत, चाकांच्या मधे, ढिगांवर. थंडीत कापसाच्या ढिगासारखी ऊब कुठं नाही. पोरं ढिगात शिरून निजत.

एकदा माझी भाकर घेऊन ती बाजारात आली. मी रेच्याला मूठ बसवत होतो. हमाल एका ढिगावर दुसऱ्या गाडीचा कापूस ओतत होते. ती एकदम तिथं धावली. मी म्हटलं हिला काय झालं. ढिगात हात घालून तिनं एक पाय ओढला. पाय, मग चड्डी, मग अख्खा पोरगा. तोंड निळं पडलेलं, नाकात रुई. तिनं त्याला उलटा धरून पाठीत असा धपाटा घातला की तो रडला. हमाल म्हणाला, "बाई, आमाले काय माईत आत पोट्टं हाय म्हून."

"तुमाले माईत नाही," ती म्हणाली, "अन त्याच्या मायले येळ नाही. मंग कोनाले माईत असावं?"

ती माझ्याकडे वळली. भाकर मातीत पडली होती. "उद्यापासून हे सारे आपल्या ओसरीवर," असं तिनं मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

तशी ओसरी सुरू झाली. आधी पाच पोरं, मग बारा, मग मी मोजणं सोडलं. शाळा सुटली की पाट्या बडवत गल्लीतून यायची. काही ओसरीवर बसत, काही पायरीखाली अंगणात. कोणी कुठं बसायचं हे सांगावं लागत नसे. पोरांना ते आईच्या दुधाबरोबरच कळलेलं असे. मला तेव्हा त्याची लाज नव्हती. तिला होती की नाही ठाऊक नाही, पण लाह्या वाटताना ती पायरीखालच्यांपासून सुरुवात करायची. आया दर आठवड्याला मूठमूठ जवारी आणून देत, त्याच्याच लाह्या. बोरांच्या दिवसांत बोरं. सारी पोरं तिला मोठमाय म्हणत. म्हातारा म्हणून मला सुतारबुडा.

आधी खाणं, मग निजणं, मग खेळ, आणि सांज झाली की परवचा. ओळीनं बसून पाढे म्हणायचे. तिला अक्षर येत नव्हतं. एकपासून शंभरपर्यंत मोजताना ती साठीच्या आसपास अडखळायची. पण पाढा चुकला की तिला कळे. सूर मोडला की मान वर करायची, जशी मी रेच्याची लाट जरा वाकडी बसली तर नुसत्या आवाजावरून ओळखतो. पोरांना वाटे मोठमायला सारं येतं.

एकदा मात्र घोटाळा झाला. तेराचा पाढा तिला ज्या पोरानं आधी ऐकवला त्याचाच तो चुकीचा होता. 'तेरा साती ब्याण्णव.' तिच्या कानात तेच बसलं. पुढं जो कोणी एक्याण्णव म्हणे त्याला ती थांबवायची, "चुकला, पुन्हा म्हन." महिन्याभरात साऱ्या ओसरीचं तेरा साती ब्याण्णव झालं. शाळेत पंतोजींनी आठ पोरांना एका रांगेत छड्या मारल्या आणि मग स्वतःच चक्रावून आमच्या दारी आले. भला माणूस होता. म्हणाला, "बाई, एक्याण्णव असतात. हवं तर चिंचोके मोजून दाखवतो." तिनं मोजू दिले. मोजून झाले, एक्याण्णवच भरले. पंतोजी गेल्यावर पोरांना म्हणाली, "शाळेत त्याइचं म्हना. इथं आपलं म्हना. एक चिंचोका तिकडं कमी पडला असन."

आता इथं अकोल्यात लेकीचा पोरगा रोज परवचा म्हणतो. तेरा साती एक्याण्णव म्हणतो, बरोबरच म्हणतो. त्या जागेवर मी दर वेळी श्वास धरून बसतो, आणि कोणीच त्याला थांबवत नाही.

दिवेलागणीला आया यायच्या. पापण्यांवर रुई, पाठी वाकलेल्या. आल्या-आल्या कोणी पोराला ओढायला लागली तर ती आडवी यायची. तिचा कायदाच होता, "आधी टेक. पानी पी. मंग लेकरू ने." कारण तिनं पाहिलं होतं की दिवसभर मुकादमाचं ऐकून आलेली बाई घरी पोहोचायच्या आधीच वाटेत पोराला बडवते. म्हणून बसवायची. बाया पाय लांब करून बसत. घोटघोट पाणी पीत. मग एकीचं तोंड सुटे, मग दुसरीचं. चंद्राबाई म्हणून एक होती, तिचा नवरा गाड्यांबरोबर मुंबईच्या वाटेला गेला तो दोन हंगाम परतला नव्हता.

"आला त वळखशीन का वं चंद्रे?" दुसरी विचारी.

"मिशीवरून वळखीन."

"अन मिशी काढून आला त?"

"त मंग घरात घेईन अन मांगून इचारीन, तू कोन म्हून."

साऱ्या हसत. चंद्राबाईची पोरगी गोदी, सात वर्षांची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते ऐकत असे. गोदी शाळेत जात नव्हती, पोरींना कोण पाठवतं. पण ओसरीवर भावाच्या शेजारी बसून सारे पाढे तिचे पाठ झाले होते. मलाही तिनंच अक्षरं शिकवली. मी फळीवर खडूनं रेघ मारत असलो की शेजारी येऊन म्हणायची, "बुडेबाबा, ही रेघ नाही, हा काना हाय." तिच्या सात वर्षांच्या हुकमाखाली मी साठाव्या वर्षी लिहायला शिकलो. आज जे लिहून राहिलो ते तिच्या खडूचं. चुकलं असेल तर मास्तरीण लहान होती म्हणा.

सारं असं चांगलं होतं, तर मग मी जे केलं ते काहून केलं?

पैशासाठी केलं असं सांगायला बरं वाटतं. लोकांनाही ते पटतं, त्या वर्षी सारेच पैशापाठी लागले होते. पण खरं तसं नाही. खरं हे की मला शांतता पाहिजे होती. दिवसभर रेच्यांची करकर ऐकून मी घरी येई, तर घरात वीस तोंडं. ती माझ्या वाटची भाकर मांडून ठेवायची आणि परत ओसरीवर. एकदा मी म्हटलं, "माह्याशी दोन शब्द बोलाले तुले येळ नाही."

"या ना मंग तरटावर," ती म्हणाली. "तेराचा पाढा म्हना, मंग बोलते."

पोरं खिदळली. मला हसू आलं नाही. म्हातारा माणूस वीस लेकरांचा हेवा करतो हे सांगायला वाईट वाटतं, पण मी केला. लेक सासरी गेल्यावर मला वाटलं होतं, आता आमचे दोघांचे दिवस. सांजच्याला ओट्यावर बसू. ती सुपारी कातरील, मी चिलीम ओढीन. ते दिवस ती दुसऱ्यांच्या पोरांना वाटून मोकळी झाली होती.

कापसाच्या व्यापारी शेटजींचा मुनीम माल ठेवायला जागा मागत बरेच दिवस मागं लागला होता. रस्त्याला लागून, कौलाखाली, कोरडी अशी ओसरी त्या भागात आमचीच. तो म्हणाला, "मिस्त्रीजी, ओसारी खाली कर दो. चार महिने की तो बात है." चार महिने. म्हणजे सारा हंगाम. मी त्याला 'हाव' म्हणालो. शब्द दिला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या यायच्या ठरल्या. आणि मग चार दिवस मी तिला सांगायला तोंड शोधत राहिलो. तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं हे मला माहीत होतं. मुनीमाला आल्या पावली परत पाठवलं असतं, मला चार माणसांत बोलली असती, आणि पोरं तरटावर तशीच बसली असती. म्हणून मी थांबलो. अमावास्येच्या सांजेला तरट झटकताना सांगू म्हटलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

ओसरीत कापूस भरला गेला. कसा भरला ते शेवटी सांगतो, आत्ता जीव धजत नाही. पोरं परत बाजारात गेली. चंद्राबाई गोदीला आपल्या रेच्याजवळ बसवू लागली, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. महिना झाला असेल. माय सरकी झाडायला उठली आणि गोदीनं मूठ धरली. दुसऱ्या हातानं कापूस लावला. तिला काम येत होतं, रोज पाहत होती. दोन बोटं लाटांच्या मधे गेली. मला बोलावणं आलं, रेचा उघडायला सुतार लागतो म्हणून. मी खुंटी ठोकून लाट वर घेतली. लाटेच्या टोकाला माझी खूण होती, लहानसं स्वस्तिक. माझ्याच हातचा रेचा. चांगला घट्ट बसवलेला.

बोटं राहिली, पण वाकडी राहिली. गोदी रडत नव्हती. ती ओठ हलवत होती. मी कान नेला तर पाढा म्हणत होती. निजताना किंवा भीती वाटली की पाढा म्हणायचा, हे मोठमायनं पोरांना शिकवलं होतं.

मला हवी होती ती शांतता मिळाली. ज्यानं कापसानं भरलेल्या घरात वस्ती केली नाही त्याला सांगून कळणार नाही. कापूस आवाज खातो. रस्त्यावरून गाडी गेली तरी ऐकू येत नाही. मी खोकलो तर माझाच खोकला कोण्या दुसऱ्याचा वाटे. आणि सांज झाली की त्या मुक्या भिंतीतून, बोज्यांच्या पाठीमागून, बारीक-बारीक आवाज यायला लागत. पहिल्यानं मला वाटलं उंदीर. मग सूर लागला. बे एके बे. मी पायरीवर बसून ऐकत असे. तेराच्या पाढ्यापर्यंत आवाज येत, आणि मग कोणीतरी मान वर केल्यासारखे थांबत. मी भूत-खेत मानणारा नाही. लाकूड फुगतं, कौलं तडकतात, त्यांचे आवाज मला पाठ आहेत. हा आवाज लाकडाचा नव्हता.

पुढं ती लढाई संपली आणि भाव कोसळले. शेटजींचा माल आमच्या ओसरीत पावसाळ्यापर्यंत पडून राहिला, ओल लागून पिवळा झाला. तो निघाला तेव्हा पोरं पांगली होती. काही आयांसोबत गावाकडे गेली, काहींच्या आयाच राहिल्या नाहीत. चंद्राबाई भातकुलीला भावाकडे गेली म्हणे. मी हत्यारं पेटीत घातली आणि इकडे आलो. आता इथं आगीनगाडी येते. इथल्या बाजारातही शाळा सुटल्यावर पोरं ढिगांवर चढतात. मी काठी घेऊन जातो, ढिगांभोवती फिरतो, कुठं पाय दिसतो का पाहतो. हमाल हसतात. म्हणतात, "बुडा गेला कामातून." लेकीला वाटतं मी हवा खायला जातो.

आता ती सकाळ.

पहिल्यानं चंद्राबाई आली. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारणीच्या हातची कडू भाकर. टोपलीत भाकर, वर पिठलं, कडेला गोदी. टोपली ठेवून ती तिच्याच जागेवर, खांबाशी टेकली. पाणी मागितलं नाही. मग म्हणाली, "बाबा, आमी बाया बोललो सकायीच. पोराइचं आमी पाहतो. पायीपायीनं एकेक जन एक दिवस बाजार बुडवीन अन इथं बसन. तुमाले काईच करा लागनार नाही. ओसरी तेवढी राहू द्या."

तेवढ्यात गाड्यांची घुंगरं ऐकू आली. तीन गाड्या, पुढं मुनीम. दारात आला, मला तसा बसलेला पाहिला, तिला नेताना अंगणात पेटवलेल्या विस्तवाची राख पाहिली, आणि पायातले जोडे काढून उभा राहिला. त्याला ठाऊक नव्हतं. चंद्राबाईनं सांगितलं. मुनीम खरंच हळहळला, ते मी नाकारत नाही. डोक्यावरची पगडी सारखी करून म्हणाला, "रहने दो, मिस्त्रीजी. सूतक का घर है. हम शेटजी को समझा देंगे. गाड्या परत नेतो. तेरावा होऊ द्या, मग पाहू. नाही जमलं तरी चालेल, जागा दुसरी मिळते."

असं म्हणाला. चंद्राबाईनं ते ऐकलं. ती माझ्याकडे पाहत होती. गोदीही पाहत होती. मला फक्त मान हलवायची होती. मला माहीत होतं की दुपारी शाळा सुटेल, पाट्या बडवत गल्लीतून सारे येतील, पायरीशी थांबतील, आणि आत पाहून एका सुरात हाक मारतील. ती हाक मला ऐकायची नव्हती. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. शब्दाचं नाही, पैशाचं नाही, पोरांचंही नाही.

मी म्हटलं, "उतरवा. कापसाले सुतक नसते."

मुनीमानं जोडे पायात घातले. मग त्यानं हमालांना खूण केली. चंद्राबाई उठली, गोदीचा हात धरला आणि बोजे आणणाऱ्या हमालांना वाट देत बाहेर गेली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी कंबर कसली आणि हमालांबरोबर लागलो. घडी करून ठेवलेलं तरट तसंच खाली राहिलं, त्यावर पहिला बोजा बसला. मग थरावर थर. भिंतीशी, खांबांच्या मधे, आढ्यापर्यंत. कौलांतून येणारा उजेड एकेक करून बंद झाला. सूर्य कासराभर वर आला तेव्हा ओसरीत मूठ शिरायला जागा उरली नाही, आणि तिसऱ्या गाडीत अजून सहा बोजे बाकी होते.

मुनीम घाम पुसत म्हणाला, "और जगह तो नहीं होगी, मिस्त्रीजी?"

"हाय," मी म्हटलं. "आत हाय." आणि घराचं दार उघडून दिलं.